धाकट्या जावेच्या गोळ्या

मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी दिवेलागणीच्या सुमारास, नगरला सावेडीतल्या आमच्या घरी माझ्या धाकट्या जावेला स्वयंपाकघरात फीट आली. ती रोज घेत असलेल्या गोळ्यांची बाटली त्या वेळी शेजारच्या खोलीतल्या कपाटात होती. बाटलीला चिकटपट्टी लावलेली होती आणि पट्टीवर सह्या होत्या. त्या गोळ्या कशाच्या आहेत हे तिच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या दिरांना, त्याच दिवशी दुपारी कळलं होतं. त्यांनी घरी फोन केला नव्हता.

आमचं मूळ घर सोनईचं. सासरे शेतीमुळे तिथेच असत आणि सासूबाई थंडीत नगरला येत. माझे पती बियाण्यांच्या कंपनीत फिरतीवर. त्या पंधरवड्यात ते विदर्भात होते. मी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक आहे. माझी साप्ताहिक सुटी गुरुवारी असते, त्यामुळे दोन्ही गुरुवारी मी घरात होते. दीर सुप्याच्या एका औषध कंपनीत केमिस्ट. येणारा कच्चा माल तोच आहे की दुसरा काही, हे तपासण्याचं त्यांचं काम. त्यांच्या लग्नाला वर्ष व्हायचं होतं. जाऊ जामखेडची, तिचे वडील शाळामास्तर.

सुरुवात पहिल्या गुरुवारी झाली. सासूबाईंचे गुडघे दुखत होते आणि त्यांच्या कॅल्शियमच्या गोळ्या संपल्या होत्या. जावेच्या फडताळात कॅल्शियमचं लेबल असलेली बाटली होती. दुपारी उपासाचा फराळ झाल्यावर त्यांनी तिच्यातल्या दोन गोळ्या घेतल्या आणि आडव्या झाल्या. त्या उठल्या तेव्हा बाहेर अंधार पडला होता. भिंतीला धरून त्या बाहेरच्या खोलीत आल्या. मार्गशीर्षातल्या गुरुवारची पूजा त्यांच्या हातून पहिल्यांदाच चुकली होती. घट जावेने मांडला होता आणि आरतीही उरकली होती.

सासूबाईंनी बाटली हातावर उपडी केली. त्यांच्या गोळ्या घशात अडकतील एवढ्या मोठ्या असत. या बारीक, पांढऱ्या, कसलाही छाप नसलेल्या होत्या.

"ही कसली गं कॅल्शियमची गोळी? तिळाएवढी. आन् माणूस दिवसभर आडवं करती."

जाऊ म्हणाली, कॅल्शियमच आहे, दुसऱ्या कंपनीचं. तिने हे दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा ती सासूबाईंकडे न बघता घटाकडे बघत होती.

दीर कामावरून आले. त्यांनी आईचं ऐकून घेतलं, बायकोला काही विचारलं नाही. चार-पाच गोळ्या चिमट्याने कागदात घेतल्या, कागदाची पुडी केली. बाटलीचं झाकण घट्ट लावून त्यावर चिकटपट्टी गुंडाळली, पट्टीवर सही केली, तारीख घातली आणि दुसऱ्या सहीसाठी पेन माझ्यापुढे धरलं. कारखान्यात संशयाचा माल असाच वेगळा काढतात. निकाल येईपर्यंत तो वापरायचा नाही, हलवायचा नाही, आणि सील करणाऱ्याबरोबर एक साक्षीदार लागतो. मी सही केली नाही. सासूबाईंनी केली. बाटली कपाटात गेली आणि किल्ली दिरांच्या खिशात.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर जावेने बाटली मागितली. मी तिथे होते.

"माझी बाटली द्या."

"काय आहे त्यात?"

"सांगितलं ना, कॅल्शियम."

"मग आठवडाभर नाही घेतलं तर काही बिघडत नाही," दीर म्हणाले.

नंतर कळलं की शनिवारी तिने जामखेडला वडिलांना फोन केला होता. गोळ्या दर महिन्याला तेच आणून देत, पाकिटातून सोडवून, कॅल्शियमच्या बाटलीत भरून. डॉक्टरची चिठ्ठीही त्यांच्याकडेच असे, आणि चिठ्ठीशिवाय कुठलाही दुकानदार त्या गोळ्या देत नाही. वडिलांनी तिला सांगितलं, रजा मिळाली की मी येतो, तोवर बोलू नकोस.

शनिवारी दिरांनी पहिली चाचणी केली. त्यांच्या प्रयोगशाळेत एक यंत्र आहे. त्यातून पदार्थावर उष्णतेचे, डोळ्यांना न दिसणारे किरण सोडतात. पदार्थातल्या अणूंची निरनिराळी जोडकामं त्यातले ठराविक किरण गिळतात. कुठले गिळले त्याचा आलेख निघतो, आणि त्यावरून पदार्थ ओळखतात. या तपासणीला ते आयआर म्हणतात. पावडर पोटॅशियम ब्रोमाइड नावाच्या मिठात खलायची, दाबयंत्रात तिची काचेसारखी चकती पाडायची, चकती यंत्रात ठेवायची. बाहेरून पाहिलं तर काम एवढंच असतं.

दिरांनी पहिल्यांदा अख्खी गोळीच खलली. संध्याकाळी त्यांनी आलेख जेवणाच्या टेबलावर ठेवला. ताटं बाजूला सरकवावी लागली. ते म्हणाले, यात साखर दिसते. गोळीत औषध थोडं असतं आणि बाकीचा भरणा दुधातल्या साखरेचा; भरण्याच्या आलेखाखाली औषधाचा आलेख बुजून गेला आहे.

"साखर खाऊन मी अंधार पडस्तोवर पडले व्हय?" सासूबाई म्हणाल्या.

जाऊ उठून आत गेली. दीर आलेखाची घडी घालत म्हणाले की सोमवारी नीट करू.

सोमवारी त्यांनी गोळीची पूड क्लोरोफॉर्ममध्ये घोळून गाळली. साखर क्लोरोफॉर्ममध्ये विरघळत नाही, ती गाळणीवर राहिली. खाली आलेला द्रव उडवून दिल्यावर बशीत पांढरे कण उरले. त्या कणांची चकती केली. नवा आलेख साखरेचा नव्हता. त्यात सतराशेच्या आकड्याजवळ गिळलेल्या किरणांच्या खोल दऱ्या एकमेकींना खेटून आल्या होत्या आणि डावीकडे बत्तीसशेच्या आसपास दोन. यंत्रात हजारो ओळखीच्या पदार्थांचे आलेख साठवलेले असतात. यंत्राने ताडून बघितलं आणि कुळाचं नाव दिलं: बार्बिट्युरेट. पहिल्या क्रमांकाला फिनोबार्बिटोन होतं.

घरी त्यांनी आईला पहिला शब्द सांगितला. बार्बिट्युरेट म्हणजे काय, हे सासूबाईंनी विचारलं. ते म्हणाले, झोपेच्या औषधांची जात. दुसरा शब्द त्यांनी सांगितला नाही. मी विचारलं की यंत्राने नेमकं नाव दिलं नाही का. ते म्हणाले, "दिलंय वहिनी, पण जुळत नाहीये. खालच्या भागातल्या दोन-तीन दऱ्या सरकलेल्या आहेत. कूळ नक्की आहे. माणूस नक्की नाही."

पुढे मी एका फार्मसी कॉलेजच्या प्राध्यापकांना विचारलं. ते म्हणाले की हे नेहमीचं आहे. हा पदार्थ निरनिराळ्या घडणीच्या स्फटिकांत गोठतो. क्लोरोफॉर्ममधून एक घडण मिळते, अल्कोहोलमधून दुसरी, आणि खलताना जोर लागला तरी घडण बदलू शकते. पदार्थ तोच असतो, घन स्थितीतला आलेख मात्र थोडा हलतो. अशा वेळी नमुना आणि शुद्ध पदार्थ दोन्ही एकाच द्रवात विरघळवून, सारखेच वाळवून, पुन्हा आलेख काढतात. दिरांना हे माहीत होतं. त्यासाठी त्यांना शुद्ध फिनोबार्बिटोन हवं होतं. त्या औषधावर सरकारी नियंत्रण आहे, ते कंपनीत नव्हतं. एका मित्राकडून चिमूटभर मिळायला बुधवार उजाडला. तोवर बाटली कपाटात राहिली. मंगळवारी मी त्यांना म्हटलं की निदान कूळ कळलंय, आता बायकोला विचारा आणि बाटली देऊन टाका. ते म्हणाले, "अर्धा रिझल्ट हा रिझल्ट नसतो, वहिनी."

घरात मात्र सासूबाईंचा निकाल सोमवारीच लागला होता. सून झोपेचं औषध ठेवते. ते लपवून ठेवते. ते पोटात गेलं की सासू पूजेला मुकते. मंगळवार सकाळपासून त्यांनी सुनेच्या हातचा चहा बंद केला. पातेलं स्वतः घासून घेत, दूध स्वतः तापवत. शेजारच्या बाईंना ऐकू जाईल अशा बेताने त्या गॅलरीत उभं राहून सोनईला फोन करत: आमी जिवंत हाय तोवर येऊन बघून जा. दीर सकाळी उपाशी निघत आणि कंपनीच्या कॅन्टीनमध्ये खात. रात्री भूक नाही म्हणत.

जावेने यावर एकच उत्तर काढलं. मंगळवारी रात्री तिने ताटं मांडली आणि वाढण्याआधी प्रत्येक भांड्यातला एक घास, भांड्यातूनच, सगळ्यांसमोर उभ्याने खाल्ला. भाजीचा, वरणाचा, भाताचा. भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला. मग वाढलं. सासूबाई पानावरून उठल्या. उष्टं अन्न त्यांनी जन्मात खाल्लं नव्हतं. बुधवारीही तसंच झालं. मंगळवार-बुधवार माझी रात्रपाळी होती; दोन्ही दिवस घरी आल्यावर मी तेच अन्न खाल्लं. काय घडलं ते मला दोन्ही बाजूंनी वेगवेगळं ऐकायला मिळालं आणि ते एकमेकांशी जुळलं.

बुधवारपर्यंत तिचे हात थरथरायला लागले होते. कप बशीवर वाजत असे. तिला झोप लागत नव्हती, डोळे तांबारले होते. सासूबाईंनी तेही पाहिलं.

"नशा उतरली की असंच हुतं," त्या म्हणाल्या. "आमच्या गावच्या दारुड्याचं बी असंच हुतं."

"मग त्यालाही कपाटात ठेवा," जाऊ म्हणाली.

गुरुवारी सासूबाईंचा उपास होता. घट त्यांनी स्वतः मांडला, नारळाला देवीचा मुखवटा बांधला, वेणी घातली. खीर मात्र जावेने केली, कारण सासूबाईंना गुडघ्यांमुळे ओट्याशी फार वेळ उभं राहवत नव्हतं. दिवा लावायच्या वेळी सासूबाई नैवेद्याची वाटी घेऊन स्वयंपाकघरात आल्या. जावेने पातेल्यात चमचा घातला आणि खीर स्वतःच्या तोंडात घातली.

"देवीच्या आधी?" सासूबाई म्हणाल्या.

"विष असलं तर देवीला कशाला?"

तिने पुन्हा चमचा बुडवला. तो तिच्या हातातून पडला. मान एका बाजूला वळली, ती ताठ झाली आणि ओट्याला घासत खाली आली. मग झटके सुरू झाले. मी गॅस बंद केला, तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली पायपुसणं दिलं. सासूबाई कांदा फोडून तिच्या नाकाशी धरायला आल्या, मग चप्पल शोधायला गेल्या. मी त्यांना दोन्ही गोष्टी करू दिल्या नाहीत. त्या दाराच्या चौकटीला टेकून म्हणाल्या की देवीनं दाखवलं. झटके थांबले. ती शुद्धीवर आली नव्हती. शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. वाटेत दुसरी फीट आली.

दिरांना मी दवाखान्यातून फोन केला. कंपनीची बस तेव्हा केडगावपर्यंत आली होती. ते थेट दवाखान्यात आले. डॉक्टर बाई होत्या, तरुण. त्यांनी विचारलं की पेशंट आधीपासून काही औषध घेते का. मी गोळ्यांचं सांगायला लागले, तेवढ्यात दीर म्हणाले, "फिनोबार्बिटोन. कन्फर्म झालंय."

"कधी कन्फर्म झालं?"

"दुपारी."

"आणि बंद कधी केली?"

मी सांगितलं की गेल्या गुरुवारपासून.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या की हे औषध फिटांवर देतात. ते एकदम तोडलं की त्यानेच फीट येते, ते हळूहळू कमी करायचं असतं. त्यांनी विचारलं की कुणाच्या सांगण्यावरून तोडलं. उत्तराची वाट न बघता त्यांनी केसपेपरवर काहीतरी लिहिलं आणि आत गेल्या.

दुपारी कळलं तर फोन का केला नाही, हे मी बाहेरच्या बाकावर दिरांना विचारलं. ते म्हणाले की प्रयोगशाळेत तोंडी रिझल्ट देत नाहीत. दुसऱ्या माणसाने आलेख तपासून सही केल्याशिवाय तो रिझल्ट धरत नाहीत. घरी आल्यावर दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवून ते मला दाखवणार होते. आलेख त्यांच्या बॅगेत होते. त्यांनी ते तिथेच काढले, ट्यूबलाइटकडे एकावर एक धरले. दऱ्या जुळत होत्या, खालच्या भागातल्यासुद्धा.

औषध किती आहे ते यातून कळतं का, मी विचारलं. नाही, ते म्हणाले, फक्त काय आहे ते.

शुक्रवारी जावेचे वडील आले. वॉर्डाबाहेर उभं राहूनच बोलणं झालं. तिला शाळेत असताना फिटा येत, गोळ्या सुरू झाल्यावर बंद झाल्या, कॉलेजात एकही आली नाही, हे त्यांनी सांगितलं. दिरांनी विचारलं की लग्नाच्या वेळी हे का सांगितलं नाही.

"सांगितलं असतं तर केली असती का?"

"नसती केली."

"मग," ते म्हणाले, "मी तरी आणखी काय करायला हवं हुतं?"

सासूबाईंनी इथे फसवणूक हा शब्द पहिल्यांदा उच्चारला. आजारी गाय गळ्यात मारली, असंही त्या म्हणाल्या. मास्तर त्यांना म्हणाले की गायीचं औषधसुद्धा कुणी कुलपात ठेवत नाही. वॉर्डातल्या आयाने सगळ्यांना जिन्याकडे पिटाळलं.

जाऊ दवाखान्यात असेपर्यंत दीर रोज संध्याकाळी येत आणि खाटेच्या पायथ्याशी उभे राहत. ती त्यांच्याशी एकदाच बोलली. सलाईन काढलं होतं, ती उशीला टेकून बसली होती. मी फळं कापत होते.

"तुम्ही मशीनला तीनदा विचारलं," ती म्हणाली. "मला एकदाही नाही."

"तू खरं सांगितलं असतंस?"

"माहीत नाही. विचारायचं होतं."

दवाखान्यातून ती वडिलांबरोबर जामखेडला गेली. तिचे कपडे मी नेऊन दिले.

पुढच्या महिन्यात दीर आणि सासरे वकिलाकडे गेले. माझे पती सोबत होते, त्यांनी मला सांगितलं ते असं. फिटा हे लग्न मोडायचं कारण आता कायद्यात राहिलेलं नाही, ते फार पूर्वी काढून टाकलं आहे. आजार लपवून लग्न लावलं, एवढाच मुद्दा मांडता येईल, आणि तो कळल्यापासून वर्षाच्या आत. वकिलाने पुरावा विचारला. दिरांनी आलेख पुढे ठेवले. वकिलाने ते उलटसुलट पाहून विचारलं की हे कुणी काढले, कुठे, कुणाच्या परवानगीने.

परवानगी नव्हती. कंपनीच्या यंत्रावर काढलेला प्रत्येक आलेख काढणाऱ्याच्या नावासह आपोआप साठतो आणि पुसता येत नाही. कुठल्याच मालाशी संबंध नसलेल्या चाचण्या तोपर्यंत तपासणीत सापडल्या होत्या. दिरांना लेखी खुलासा मागितला गेला. त्यांनी घरगुती कारण असं लिहिलं. नियंत्रित औषध आवारात कसं आलं, हा पुढचा प्रश्न होता. मित्राचं नाव त्यांनी दिलं नाही. त्यांच्याकडून राजीनामा घेण्यात आला. आता ते नगरच्या एमआयडीसीत पाण्याच्या तपासणीचं काम करतात.

लग्न रद्द करण्याचा अर्ज दाखल झाला, तो दवाखान्याच्या कागदांच्या आधारावर. आलेख त्याला जोडलेले नाहीत. जावेच्या बाजूने उत्तर आलं. त्यात डॉक्टरांचा केसपेपर जोडला होता आणि औषध नवऱ्याने सासूच्या सहीने कुलपात ठेवलं, असं लिहिलं होतं. सासूबाई ते ऐकून म्हणाल्या, सही तर मी पोराच्या सांगण्यावरून केली, मला काय ठावं. त्यानंतर त्या नगरला आलेल्या नाहीत. या वर्षीचे गुरुवार त्यांनी सोनईला केले.

कोर्टाने प्रकरण मध्यस्थीला पाठवलं. बैठकीला दोन्हीकडचे वकील, दीर, जाऊ आणि तिचे वडील होते. माझे पती बाहेर बसले होते. दिरांनी सांगितलं की ती नांदायला येत असेल तर ते अर्ज मागे घेतील. औषधाचा खर्च आणि जबाबदारी ते घेतील, आणि आई सोनईलाच राहील. मध्यस्थाने जावेला विचारलं. तिने विचार करायला वेळ मागितला नाही. ती म्हणाली की तिला यायचं नाही. मध्यस्थाने तसं लिहून घेतलं आणि दोघांच्या सह्या घेतल्या.